आधी छाटणी, मग घुमारा : गिटारच्या पेडलांची रांग

भिवंडी आणि आसपासच्या गावांत गिटार वाजवणारी मुलं आता बरीच दिसतात. कामतघर, नारपोली, अंजूरफाटा, काल्हेर, थेट पडघ्यापर्यंत. कुणी ऑर्केस्ट्रात वाजवतं, कुणी हळदीच्या कार्यक्रमात, कुणी कॉलेजच्या बँडमध्ये. पहिली गिटार येते, मग दोन-तीन पेडलं किंवा एखादा प्रोसेसर येतो, आणि मागोमाग तक्रार येते : घरी हेडफोनवर झकास वाजतं, मंडपात गेलं की सगळा लगदा. मग ते पेडल विकून दुसरं घेतलं जातं आणि तक्रार जागच्या जागी राहते.

बहुतेक वेळा पेडलात काहीच बिघाड नसतो. रांग चुकलेली असते, नाहीतर रांगेला मिळणारी वीज घाण असते, नाहीतर रांगेच्या शेवटी जे लागतं तेच बसवलेलं नसतं. तिन्ही गोष्टी थोडक्या पैशांत सुधारतात. पण त्यासाठी इंटरनेटवरून उतरवलेली आकृती पाठ करून भागत नाही. ती आकृती ज्याने काढली त्याच्यासमोर त्याचा स्वतःचा अँप होता. आपल्यासमोर मंडपवाल्याचा मिक्सर असतो, शेजारी जनरेटर असतो आणि कानाशी ढोल असतो. म्हणून क्रमामागचं कारण कळलं पाहिजे.

वायरीतून जे येईल ते सगळं पेडल एकच आवाज समजून घेतं. यातली गिटार किती, आधीच्या पेडलाने घातलेली भर किती, हे त्याला वेगळं काढता येत नाही. त्यामुळे रांगेतलं प्रत्येक पेडल आपल्या अलीकडच्या सगळ्यांवर काम करतं. भिवंडीत हे कुणाला फार समजावून सांगायला नको : सूत आधी रंगवून मग विणलं तर चौकडी उठते, विणून मग रंगवलं तर ताग्याला एकच रंग चढतो. सूत तेच, रंग तोच, फक्त आधी-नंतर बदललं.

आता पेडलांचे ढोबळ दोन वर्ग करा. पहिला वर्ग छाटणाऱ्यांचा : ओव्हरड्राइव्ह, डिस्टॉर्शन, फझ. पिकअपमधून जी विजेची लहर येते तिचे शेंडे ही पेडलं एका मर्यादेपुढे जाऊ देत नाहीत, कापून सपाट करतात. बहुतेकांत हे काम डायोड करतात. साध्या सिलिकॉन डायोडची ही मर्यादा ०.६ व्होल्टच्या आसपास असते. शेंडे सपाट झाले की मूळ सुरात नसलेले वरचे स्वर उमटतात, आणि ज्याला आपण ‘गेन’चा आवाज म्हणतो तो हाच. १९६२ मध्ये अमेरिकेत मॅस्ट्रो फझ-टोन नावाचं पेडल विक्रीला आलं तेव्हापासून छाटणीच्या पद्धती शेकडो निघाल्या, तत्त्व तेच राहिलं. कंप्रेसरही याच घरातला, फक्त तो कापत नाही, मोठा आवाज दाबून लहान करतो.

दुसरा वर्ग ईक्यू, डिले आणि रिव्हर्बचा. हे आवाज कमी-जास्त करतात, त्याची नक्कल करून मागाहून सोडतात, त्याला घुमारा देतात, पण लहरीचे शेंडे चेपत नाहीत. या वर्गातल्या पेडलांची आपसात अदलाबदल करून पाहा. ईक्यू डिलेच्या आधी ठेवा, नंतर ठेवा. कानाला फरक जेमतेम कळेल. कोरस, फेजर, फ्लँजर यांच्यात थोडा जास्त कळेल, कारण ते आवाज सतत हलवत असतात. पण छाटणाऱ्या पेडलाच्या अलीकडची वस्तू पलीकडे नेली की आवाजाची जातच बदलते. म्हणून बोर्ड मांडताना पहिला निर्णय छाटणाऱ्या पेडलाचा घ्यायचा. ते कुठे बसणार, त्याच्या पोटात काय जाणार आणि त्याच्या मागून काय येणार, हे ठरलं की निम्म्याहून जास्त बोर्ड लागला.

हे वाचून पटणार नाही, ऐकून पटेल. एक डिस्टॉर्शन आणि एक डिले घ्या. डिलेचा वेळ ४०० मिलिसेकंद ठेवा, तीन-चार नकला ऐकू येतील इतका फीडबॅक, मिक्स अर्ध्यावर. आधी गिटार, मग डिस्टॉर्शन, मग डिले असं जोडा आणि तिसऱ्या तारेवर एकच सूर छेडून थांबा. पहिली नक्कल येते, दुसरी तिच्यापेक्षा हळू, तिसरी आणखी हळू, आणि सगळ्यांचा पोत सारखाच. आता दोन्ही पेडलांची जागा बदला. बटणं अजिबात हलवू नका. तोच सूर छेडा. आता डिस्टॉर्शनच्या पोटात मूळ सूर आणि नकला एकत्र जातात. दुसरी नक्कल डिलेमधून हळू निघाली तरी डिस्टॉर्शन तिलाही मर्यादेपर्यंत फुगवतं, त्यामुळे ती जवळजवळ पहिलीइतक्याच जोराने कानावर येते. त्यावर लगेच दुसरा सूर वाजवा. जुनी नक्कल आणि नवा सूर एकमेकांत अडकतात, आणि दोन्हींपैकी एकही धड ऐकू येत नाही.

अडकतात म्हणजे नेमकं काय होतं, तेही पाहून घेऊ. दोन सूर एकदम छाटले गेले की त्यांच्या कंपनसंख्यांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे नवे सूर तयार होतात. ‘सा’ आणि ‘प’ एकत्र असतील तर हे नवे सूर त्याच कुटुंबात बसतात. वजाबाकीतून खालच्या सप्तकातला ‘सा’ मिळतो आणि आवाज भरदार होतो. रॉकवाले दोन-तीन तारांच्या पॉवर कॉर्डवर का राहतात, ते यावरून कळेल. पूर्ण कॉर्ड छेडली की स्वरांच्या जोड्या वाढतात, परके सूर वाढतात, आणि गेन जितका जास्त तितका चिखल जास्त. सुरांची सरमिसळ छाटणीच्या आधी करायची की नंतर, हा प्रश्न म्हणून महत्त्वाचा. डिले आणि रिव्हर्ब हे सरमिसळ करणारेच आहेत. मोठ्या रिव्हर्बनंतर डिस्टॉर्शन लावलं की मागचे सगळे सूर पुढच्या सुरात मिसळून छाटले जातात. काही संगीतकार तो धुरकट आवाज मुद्दाम वापरतात आणि तो सुंदरही लागतो, पण हळदीच्या गाण्यात तो चालायचा नाही.

बेंजोवाल्या मित्रांना हे गिटारवाल्यांपेक्षाही जास्त लागू आहे. १९१२ साली जपानमधल्या नागोया शहरात तयार झालेला ताइशोगोतो आपल्याकडे बुलबुलतरंग झाला, आणि पिकअप लावून ठाणे-रायगड पट्ट्यातल्या वरातींत आणि हळदीत बेंजो म्हणून राज्य करू लागला. आज अनेक बेंजो गिटारच्याच प्रोसेसरमधून वाजतात. ज्या बेंजोवर सुराच्या तारांबरोबर मोकळ्या तारा ठेवलेल्या असतात, त्याच्याकडून डिस्टॉर्शनला कधी एकटा सूर मिळतच नाही. तिथे गिटारचा तयार ‘मेटल’ पॅच लावला तर बोटांची सगळी मेहनत त्या खरखरीत बुडते. गेन निम्म्याहून खाली आणा, मोकळ्या तारांवर कापडाची पट्टी लावून त्या दाबा, आणि धार हवी असेल तर छाटणीनंतरच्या ईक्यूवर मधला पट्टा थोडा उचला. चाल मोकळी ऐकू येईल.

मल्टी-इफेक्ट प्रोसेसर असलेल्यांनी हा लेख आपल्यासाठी नाही असं समजू नये. आत तीच रांग असते, आणि बऱ्याच मॉडेलांत ती पडद्यावर हलवता येते. कंपनीने भरून दिलेले पॅच दुकानात गिऱ्हाईकाचे कान दिपवायला बनवलेले असतात. त्यांत रिव्हर्ब जास्त, डिले जास्त, गेन जास्त. मंडप स्वतःच घुमतो. प्रत्येक पॅचमधला रिव्हर्ब आधी बंद करा आणि मग गरजेपुरता आत घ्या.

आता गिटारपासून सुरुवात करून रांग लावू.

पहिला ट्यूनर. त्याला स्वच्छ, एकटा सूर हवा असतो, आणि तो दाबला की पुढचं सगळं गप्प होतं, त्यामुळे गिटार बदलताना साउंडवाल्याच्या स्पीकरमधून ‘ठाप’ निघत नाही. स्वर वर-खाली करणारी पेडलं, म्हणजे ऑक्टेव्ह वगैरे, यांनाही एकटा सूर ओळखावा लागतो, म्हणून तीही इथेच, छाटणीच्या आधी. त्यानंतर वाह. वाह आधी आणि डिस्टॉर्शन नंतर असेल तर आवाज बोलल्यासारखा येतो. उलट केलं तर पाय हलवताच सगळा आवाज घसरल्यासारखा मोठा आणि नाट्यमय होतो. बहुतेकांना पहिला आवडतो. कंप्रेसर वाहनंतर, ड्राइव्हच्या आधी. तो हळू आवाज वर उचलतो, म्हणजे तुमच्या गिटारमधली घूंSS देखील वर उचलतो, हे लक्षात ठेवून जपून वापरा. ड्राइव्हच्या मागे ठेवला तर तो डिस्टॉर्शनची सगळी खरखरही वर आणेल.

या सुरुवातीच्या भागात एक अपवाद आहे आणि तो पुष्कळांना छळतो. १९६६ च्या फझ फेस घराण्यातली जुन्या धाटणीची फझ पेडलं गिटारच्या पिकअपशी थेट जोडलेली असावी लागतात. त्यांच्या तोंडाशी विजेचा अडथळा फार कमी असतो, आणि गिटारचा व्हॉल्यूम खाली केला की ती साफ होतात ती या थेट नात्यामुळेच. त्यांच्या आधी बफर असलेलं पेडल आलं की आवाज टोकदार आणि पातळ होतो. असं फझ असेल तर ट्यूनरलाही मागे सारा आणि फझ पहिलं ठेवा.

बफर काय ते इथेच सांगतो. पिकअपमधून निघणारा आवाज अशक्त असतो आणि लांब वायर त्याची धार खाते. साध्या गिटार वायरीत दर मीटरला १०० पिकोफॅरडच्या आसपास धारकता असते. सहा मीटर वायर म्हणजे ६००, आणि तेवढ्यात वरचे स्वर बोथट व्हायला लागतात. बफर हे आवाजाला जोर देणारं छोटं सर्किट. बॉसच्या छोट्या पेडलांत ते असतंच, पेडल बंद असलं तरी चालू राहतं. ‘ट्रू बायपास’ लिहिलेल्या पेडलांत ते नसतं. बंद केलं की ते नुसती वायर. दुकानदार ट्रू बायपास म्हणजे उंची माल असं सांगतात, पण सहा पेडलं सगळीच ट्रू बायपास असतील तर तुमची गिटार सगळ्या वायरींचं ओझं एकटी वाहते. सुरुवातीला एक तरी बफर असू द्या. तो आला की पुढच्या वायरींची लांबी फारशी छळत नाही.

मग येतात छाटणारे. एकापेक्षा जास्त असतील तर साधारण कमी गेनचं आधी, जास्त गेनचं नंतर. १९७९ साली आलेलं हिरवं ट्यूब स्क्रीमर डिस्टॉर्शनच्या आधी ठेवायची पद्धत आहे, आणि तिला पक्कं कारण आहे : ७२० हर्ट्झच्या खालचा खर्ज ते छाटणीच्या आधीच कमी करतं. खर्ज कमी गेला की पुढच्या डिस्टॉर्शनला चिखल करायला माल मिळत नाही आणि जाड तारांवरची रिदम घट्ट वाजते. हिरव्या पेडलाचा गेन जवळजवळ शून्यावर आणि लेव्हल वर ठेवा. त्याची कॉपी कुठल्याही कंपनीची असली तरी हे काम करते.

छाटणीच्या आधीचा ईक्यू आणि नंतरचा ईक्यू ही दोन निरनिराळी हत्यारं आहेत. आधीचा ठरवतो कुठल्या स्वरांचा चुरा व्हायचा, नंतरचा ठरवतो झालेल्या चुऱ्यातलं काय ऐकू यायचं. हाच नियम बूस्टरला लागतो, आणि इथे मंडपात सर्वांत जास्त गल्लत होते. सोलो आला, ढोल-ताशा आणि कीबोर्ड जोरात आहेत, गिटारवाला बूस्टर दाबतो आणि काहीच होत नाही. मग तो गेन वाढवतो, तरी काही होत नाही, उलट गिटार आणखी मागे जाते. कारण बूस्टर डिस्टॉर्शनच्या आधी लावलेला असतो. शेंडे आधीच सपाट आहेत; आधी जोर वाढवला की ते आणखी सपाट होतात, उंच होत नाहीत. सोलो वर यायला हवा असेल तर बूस्टर छाटणीनंतर हवा. आणि नुसता आवाज वाढवण्यापेक्षा ईक्यू पेडल घेऊन ८०० ते १५०० हर्ट्झचा मधला पट्टा तीन-चार डेसिबलने उचला. खर्ज बेस आणि ढोलाचा, वरचा चमचमाट झांजेचा. गिटारला जागा मिळते ती मध्येच. पुष्कळ मुलं घरी एकटं वाजवताना गोड लागतं म्हणून मधला पट्टा खाली करून ठेवतात, आणि मंडपात हरवतात.

नॉइज गेट छाटणीनंतर आणि डिलेच्या आधी. मागे ठेवला तर डिलेच्या नकला अर्ध्यावर तुटतील. बॉसच्या एनएस-२ मध्ये चार भोकं असतात. गिटार सरळ आत, आणि गोंगाट करणारी पेडलं सेंड-रिटर्नच्या, म्हणजे आवाज बाहेर पाठवणाऱ्या आणि परत आत घेणाऱ्या भोकांच्या, मध्ये. त्यामुळे गेट स्वच्छ गिटार ऐकून ठरवतो कधी बंद व्हायचं, आणि सुराचं शेपूट नीट जातं.

त्यामागे कोरस, फ्लँजर. फेजर मात्र दोन्ही बाजूंना करून पाहा. ड्राइव्हच्या आधी तो विरघळलेला, सौम्य लागतो, नंतर ठळक. यात बरोबर-चूक काही नाही, गाणं सांगेल. पायाचं व्हॉल्यूम पेडल ड्राइव्हच्या आधी असलं तर ते गिटारच्या बटणासारखं गेन कमी-जास्त करतं, नंतर असलं तर फक्त आवाज. डिलेच्या आधी ठेवलं तर आवाज बंद केल्यावरही शेवटच्या नकला सुखाने विरतात. विकत घेताना एवढं बघा की गिटारला थेट लागणारं व्हॉल्यूम पेडल २५० किंवा ५०० किलोओहमचं असतं आणि बफरनंतरचं २५ किलोओहमचं. २५ वालं पहिल्या जागी लावलं की आवाजावर गोधडी पांघरल्यासारखं होतं.

शेवटी डिले, आणि त्यामागे रिव्हर्ब.

डिलेच्या वेळेबद्दल थोडं थांबतो, कारण इथे आपलं संगीत आणि बाहेरून आलेले सल्ले जुळत नाहीत. एका ठोक्याचा वेळ काढायचा तर ६०,००० ला लयीने भागा. मिनिटाला १२० ठोके असतील तर ठोका ५०० मिलिसेकंदांचा. सगळीकडे सांगतात की त्याचा पाऊण भाग, म्हणजे ३७५ घ्या. चौपटीच्या लयीत ते देखणं बसतं. पण कोळी-आगरी गाण्यांची चाल सहा मात्रांची, डोलणारी. तिथे ठोक्याचे चार नव्हे, तीन भाग पडतात. ३७५ ची नक्कल या तीन भागांपैकी कुठल्याच भागावर पडत नाही, मधेच अडखळते, आणि ढोलकीवाल्याला वाटतं तुम्ही लय सोडली. त्याच लयीत १६७ किंवा ३३३ घ्या, म्हणजे ठोक्याचा एक तृतीयांश किंवा दोन तृतीयांश. नक्कल बरोबर ढोलकीच्या हातावर पडते. टॅप टेंपो असलेलं डिले असेल तर त्यावरचं विभागणीचं बटण तिय्यावर ठेवा आणि ठोका पायाने द्या, कारण हळदीत लय चढत जाते आणि रात्री सुरुवातीला लावलेला आकडा मध्यरात्री उपयोगाचा राहत नाही.

अँपमध्ये मागे सेंड-रिटर्न असेल आणि तुम्ही अँपचाच ड्राइव्ह वापरत असाल, तर अँपची छाटणी हीसुद्धा रांगेतली एक जागा आहे. ओव्हरड्राइव्हपर्यंतची पेडलं अँपच्या तोंडाशी, डिले-रिव्हर्ब सेंड-रिटर्नमध्ये. अँप साफ ठेवून छाटणी पेडलांनीच करत असाल तर सगळं तोंडाशी लावलं तरी चालतं.

पण आपल्याकडच्या बहुतेक कार्यक्रमांत गिटारचा अँपच नसतो. वायर सरळ मिक्सरमध्ये जाते. आणि घरी छान, मंडपात घाण, याचं सर्वांत मोठं कारण हे आहे. गिटारच्या अँपमधला स्पीकर साधारण ५,००० हर्ट्झच्या वरचे स्वर फारसे काढतच नाही. डिस्टॉर्शनमधला किरकिराट तो गिळून टाकतो. मंडपातल्या मोठ्या स्पीकरला ट्वीटर असतात, ते सगळं दाखवतात. म्हणून मधमाशा घोंघावल्यासारखा आवाज येतो आणि साउंडवाला वैतागून तुमचा चॅनल खाली ओढतो. यावर इलाज म्हणजे रांगेत छाटणीच्या मागे कुठेतरी कॅबिनेट सिम्युलेटर. प्रोसेसरमध्ये तो ‘कॅब’ नावाने असतो; अँप असेल तेव्हा बंद, मिक्सरमध्ये जाताना चालू. सुटी पेडलं वापरणाऱ्यांनी तेवढं एक वेगळं पेडल घ्यावं. तिसऱ्या डिलेपेक्षा ते कितीतरी उपयोगी. तेही जमत नसेल तर साउंडवाल्याकडे जाऊन, “दादा, माझ्या चॅनलचा हाय पाच हजारच्या वर कापता का?” असं साउंडचेकला विचारा. डिजिटल मिक्सर असेल तर तो एका बोटाने करून देईल.

मिक्सर पंधरा-वीस मीटर लांब असतो. तेवढी साधी गिटार वायर ओढू नका. वाटेतल्या लायटिंगच्या केबलींची सगळी घूंघूं ती गोळा करते. बोर्डशेजारी डीआय बॉक्स, म्हणजे गिटारचा आवाज माइकच्या वायरीजोगा करणारा डबा, ठेवा आणि तिथून माइकची वायर न्या.

आता विजेकडे वळू, कारण भिवंडीत हा विषय इतर शहरांपेक्षा मोठा आहे. यंत्रमागांच्या गाळ्यांशेजारी, कधी त्यांच्या वरच्याच मजल्यावर आपली प्रॅक्टिस चालते. खाली मोटारी सुरू असतात, एकाच लाइनवर शेकडो यंत्रं सुरू-बंद होतात. हा गोंगाट दोन वाटांनी आत येतो : हवेतून पिकअपमध्ये आणि अडॉप्टरमधून पेडलांत. कुठली वाट, ते ओळखणं सोपं आहे. गिटार हातात धरून जागच्या जागी गोल फिरा. आवाज कमी-जास्त झाला तर तो पिकअप पकडतोय. सिंगल कॉइल असेल तर जास्तच. ज्या दिशेला कमी येतो तिकडे तोंड करून वाजवा, नाहीतर हंबकरची गिटार घ्या. आता गिटारची वायर पहिल्या पेडलातून काढा. तरी आवाज येत असेल तर दोष विजेत आहे. सगळी पेडलं काढून एकेक जोडत जा. ज्याला जोडल्यावर आवाज सुरू होतो तिथे थांबा.

एका अडॉप्टरवरून माळेसारखी पाच-सहा पेडलं चालवणं स्वस्त पडतं, पण डिजिटल डिलेची टिकटिक आणि किणकिण त्याच माळेतून ड्राइव्हच्या पोटात शिरते आणि तिथे फुगते. प्रत्येक पेडलाला अलग आउटपुट देणारा पॉवर सप्लाय सगळ्यांत उत्तम. तो परवडेपर्यंत ड्राइव्हसाठी एक अडॉप्टर आणि डिजिटल पेडलांसाठी दुसरा, एवढं तरी करा. बहुतेक पेडलांना ९ व्होल्ट डीसी लागतो आणि पिनच्या मध्यभागी ऋण. घरातल्या राउटरचा किंवा कीबोर्डचा अडॉप्टर उलट्या पिनचा असू शकतो, तो लावला की पेडल जळू शकतं. पेडलावरचं चिन्ह आणि अडॉप्टरवरचं चिन्ह शेजारी धरून ताडून पाहा. काही पेडलांना एसी लागतो, तेही तिथेच लिहिलेलं असतं. व्होल्ट नेमके तेवढेच हवेत. मिलीअँपिअर मात्र जास्त असलेले चालतात, कमी चालत नाहीत. साध्या ओव्हरड्राइव्हला १० मिलीअँपिअरच्या आसपास पुरतात, डिजिटल डिले-रिव्हर्ब ५०, १०० आणि त्याहून जास्त खातात. बेरीज करा आणि वर थोडं राखून सप्लाय घ्या.

घरातला स्वस्त इन्व्हर्टर चौकोनी लहरीची वीज देतो; लाइट गेल्यावर पेडलं अचानक भुणभुणायला लागली तर त्यांना दोष देऊ नका. तेव्हा ड्राइव्ह पेडल ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालवून पाहा. बॅटरी आत असेल तर वाजवून झाल्यावर इनपुटची पिन काढून ठेवा, कारण त्या भोकातच बॅटरीचा स्विच असतो आणि पिन आत राहिली की ती रात्रभर उतरत जाते.

एक गोष्ट मी हात जोडून सांगतो. घूंघूं बंद करण्यासाठी प्लगची अर्थिंगची मोठी पिन तोडू नका, तिच्यावर टेप लावू नका. आवाज बंद होतो, हे खरं. पण तुमच्या गिटारच्या तारा अर्थला जोडलेल्या असतात. हात तारेवर आणि ओठ माइकला, आणि दोघांच्या अर्थमध्ये फरक असेल तर वीज तुमच्यातून जाते. पावसाळ्यात ओल्या जमिनीवर उभं राहून हे जिवावर बेतू शकतं. घूंघूंचं खरं औषध दोन. तुमचा बोर्ड आणि मिक्सर एकाच ठिकाणाहून वीज घेतील असं बघा, आणि डीआय बॉक्सवरचा ग्राउंड लिफ्टचा स्विच दाबा; तो फक्त आवाजाच्या वायरीची अर्थ सोडवतो, सुरक्षेची नाही. वाजवण्याआधी माइकच्या जाळीला टेस्टर लावा. पेटला तर मंडपाच्या वायरमनने दुरुस्त करेपर्यंत गिटार गळ्यात घालू नका, कार्यक्रम थांबला तरी थांबू द्या.

जोडणीच्या छोट्या वायरी ही रांगेतली सर्वांत कच्ची कडी. प्लास्टिकच्या टोकांच्या रंगीत वायरींचा गठ्ठा स्वस्तात मिळतो आणि महिन्याभरात त्यातली एक आतून तुटते, आणि ती कुठली ते मंडपात अंधारात शोधावं लागतं. मुंबईला लॅमिंग्टन रोडवर धातूच्या पिना आणि चांगली वायर सुटी मिळते. सोल्डरिंग येणारा एखादा रेडिओ-टीव्हीवाला प्रत्येक गावात असतोच. लांबी बोर्डवर मोजून करून घ्या. मागांच्या परिसरात कापसाचे बारीक तंतू सगळीकडे बसतात, बटणांत आणि जॅकच्या भोकांतही, आणि पावसाळ्यात ते ओल धरतात. बटण फिरवल्यावर खरखर आली तर काँटॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारा आणि बटण वीस-पंचवीस वेळा टोकापासून टोकापर्यंत फिरवा. घासलेट किंवा तेल घालू नका. बोर्डवर झाकायला एक जाड चादर ठेवा.

आणि नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी काय घ्यावं? आधी ट्यूनर, मग एकच ओव्हरड्राइव्ह, मग कॅब सिम्युलेटर, मग टॅप टेंपोचं डिले, या क्रमाने. पाचवं पेडल घेण्याआधी या चारांच्या जागा आपसात बदलून, प्रत्येक रांग मोबाइलवर रेकॉर्ड करून, दुसऱ्या दिवशी ताज्या कानाने ऐका. शक्य असेल तर ढोलकीवाल्याला शेजारी बसवूनच रेकॉर्ड करा, कारण मंडपात एकटी गिटार कधीच वाजत नाही.